पाच प्रश्नांची उजळणी

त्या नोटरी वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट बाईंशिवाय पान हलत नसे. सही आणि शिक्का साहेबांचा, बाकी सगळा कारभार बाईंचा. कोणी मृत्युपत्र करायला येई, तर कोणी पुढे आपल्याला कळेनासं झालं तर आपल्या वतीनं कोणी निर्णय घ्यायचे त्याचा कागद करायला. बाई सगळ्यांना खुर्ची देत, पाणी देत आणि ठेवणीतलं एक वाक्य ऐकवत: "शुद्धीत आहात तोवर करून टाका हो. नंतर आम्हीसुद्धा काही करू शकत नाही." बारा वर्षं हेच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

कारण त्यांच्या स्वतःच्या वडिलांचा असाच एक कागद तीन वर्षं त्यांच्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

वडील लिफ्ट दुरुस्त करणारे. दोर तुटायच्या आधी बदलायचा, हा त्यांचा धर्म. "तुटल्यावर बदलला तर त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, पंचनामा म्हणतात," असं ते येत्याजात्याला सुनावत. बायको गेल्यावर दोन महिन्यांतच त्यांनी स्वतःच्या हातानं कागद लिहून काढला, खाली तारीख घातली आणि मुलीकडे दिला. "टाइप कर, आणि साहेबांसमोर माझी सही घे." कागदात लिहिलं होतं: मला कळेनासं झालं की घर, बँक, औषधपाणी, मला ठेवायचं कुठे, हे सगळं माझा मुलगा ठरवील.

मुलगा! म्हणजे धाकटा, परगावी बेकरीत काम करणारा, सणावाराला फोन करून "ताई, सगळं ठीक ना?" एवढं विचारणारा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं सहा वर्षांचं अंथरूण काढलं कोणी? आणि भरवसा कोणावर? पण भांडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मूग गिळले आणि कागद ड्रॉवरमध्ये सारला. "करते हं बाबा, या आठवड्यात साहेबांना वेळ नाही." असे कितीतरी आठवडे गेले. वडिलांनी चार वेळा आठवण केली. पाचव्यांदा ते आठवण करायचीच विसरले, आणि बाईंना चक्क हायसं वाटलं. ते हायसं वाटणंच आता त्यांना जिवंत खात होतं.

विसरण्याला मग धरबंध राहिला नाही. गॅस उघडा राही, दार उघडं राही. मुलीला ते कधी "पोरी" म्हणत, कधी "अहो बाई". दिवसभर सांभाळणारं माणूस ठेवायचं तर पैसे हवेत, आणि बँक म्हणे, यांच्या वतीनं सही करायचा अधिकार कोणाला आहे ते दाखवा. तेव्हा कुठे बाईंनी ड्रॉवर उघडला. म्हटलं, जसा लिहिलाय तसाच करू. धाकट्याचं नाव तर धाकट्याचं. निदान आपलं पाप तरी धुतलं जाईल.

सही घेण्याआधी साहेब पाच प्रश्न विचारत. आज वार कोणता, मुलं किती, राहता कुठे, कशावर सही करताय, कोणी जबरदस्ती तर केली नाही? ती यादी बाईंनीच टाइप केलेली होती आणि ती साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली असे. बाईंनी नऊ दिवस वडिलांकडून तिची उजळणी करून घेतली. गुरुवार. दोन, एक मुलगी, एक मुलगा. मग पत्ता. म्हातारा शहाण्या मुलासारखा म्हणे आणि शाबासकीसाठी तोंडाकडे बघे. असं पढवून आणलेल्या आईबापांना आणि त्यांच्या चिरंजीवांना बाईंनी कितीदा तरी दारातून परत पाठवलं होतं. आपण काय करतोय ते त्यांना पुरतं कळत होतं.

गुरुवारी वडील आत गेले. नातेवाइकांनी बाहेर बसायचं, हा नियम बाईंनाही लागू. पण मधली भिंत प्लायवुडची, तीही छतापर्यंत न गेलेली. आतला शब्द न् शब्द बाहेर येत होता.

साहेब कच्चे नव्हते. यादी बाईंची आणि म्हातारा बाईंचा, म्हणून त्यांनी सुरुवात मधूनच केली.

"काका, राहता कुठे?"

"गुरुवार," वडील ठणकावून म्हणाले.

"बरं. आज वार कोणता?"

"दोन. एक मुलगी, एक मुलगा."

बाहेर बाईंनी डोळे मिटून घेतले. आत पेनाचं टोपण लागल्याचा आवाज झाला. मग अगदी घरगुती आवाजात साहेबांनी विचारलं, "काका, मुलालाच का नेमलंत? मुलगी तर तुमच्याजवळच असते."

"म्हणूनच तर."

"म्हणजे?"

"आईचं सगळं तिनं केलं हो. सहा वर्षं. एक चांगला मुलगा थांबला होता तिच्यासाठी, तोही शेवटी गेला. मला माहीत नाही असं तिला वाटतं." आवाज मात्र तोच जुना, जिन्याखालून वरच्या मजल्यावर ओरडून सूचना देणारा. "आता माझं ओझंही तिच्याच गळ्यात बांधू? धाकटा धडधाकट आहे, करील. नाही आलं तर शिकेल. पोरीला सोडवायचीय मला, साहेब."

बाई खुर्चीत बसल्या जागी गार झाल्या. तीन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, बाबा, त्याला का? नुसतं "का" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

साहेब बाहेर आले, हातात कागद. "बाई, हे उत्तर ऐकून सही घ्यावीशी वाटते. पण मला ती घेता येत नाही, हे तुम्ही जाणता. यावर तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे. राहून गेला होता का?"

हो म्हटलं असतं तर साहेबांनी मानही डोलावली असती.

"राहून नाही गेला," बाई म्हणाल्या. "मी ठेवला. मला राग आला होता."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत. "आता कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल. वेळ लागेल, खर्चही होईल. आणि कोर्ट बहुतेक सांभाळणाऱ्यालाच नेमतं. अर्ज तुमच्याच नावानं करावा लागेल."

"हो," बाई म्हणाल्या. असे अर्ज त्यांनी लोकांसाठी टाइप केले होते. शेवटपर्यंतची जबाबदारी मी स्वीकारते, असं त्यात एक वाक्य असतं.

रस्त्यावर वडील त्यांचा दंड धरून चालत होते. चेहरा कामावरून सुटलेल्या माणसाचा. कोपऱ्यावर ते थांबले.

"झाली ना सही?"

बाईंनी मान हलवली. कशी हलवली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"छान झालं. अहो बाई, एक काम करा. माझ्या पोरीला तेवढं कळवा. म्हणावं, तुझ्या बापानं सगळी सोय केलीय, आता तू मोकळी."

बाईंनी त्यांच्या स्वेटरची सुटलेली गुंडी लावली.

"कळवते, काका," त्या म्हणाल्या.