जमिनीलगतची चित्रं

हायाशिदाबाईंची चित्रं जमिनीपासून जेमतेम वीतभर वर टांगली होती, आणि गॅलरीचे मालक ब्रांडलसाहेब यांचं डोकं त्यावरूनच फिरलं होतं. चित्रं लावली होती क्षितिजाने. नवऱ्यापाठोपाठ न्युरेम्बर्गला आल्यावर कितीतरी दिवस घरी बसून काढल्यानंतर मिळालेली ही नोकरी, तीही अजून प्रोबेत्साइटवर, म्हणजे चाचणीच्या मुदतीवर. मालकाने मनात आणलं तर नारळ द्यायला कितीसा वेळ लागतो!

सत्तरी ओलांडलेल्या या जपानी बाईंचं जर्मनीतलं हे पहिलंच एकटीचं प्रदर्शन. त्यासाठी क्षितिजाने साहेबांचा असा काही पिच्छा पुरवला, की शेवटी ते कंटाळून हो म्हणाले. बाईंची अट एकच होती. चित्रं जमिनीवर बसून काढलीत, ती बसूनच बघायची. तशी लावा, नाहीतर परत पाठवा.

आता उद्घाटनाच्या दिवशी साहेब हट्टाला पेटले. इथली माणसं सुटाबुटात येतात, जमिनीवर फतकल मारून कोण बसणार आहे? पाहुणे यायच्या आत सगळी चित्रं वर घ्या म्हणाले. सकाळी मयुरेशनेही, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हेच सुनावलं होतं, की अगं, आधी नोकरी टिकव. बिचाऱ्याचं काही चुकत नव्हतं.

क्षितिजा मधला मार्ग काढायला बाईंकडे गेली. निदान कमरेइतकी तरी वर घ्यावीत, असं सुचवणार होती. बाई एका चित्रासमोर भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. चित्रात नुसतं गवत. विषय कसा काढावा कळेना, म्हणून क्षितिजा म्हणाली, तुम्ही तरी एकदा बसून बघा ना.

"मला आता बसता येत नाही," बाई सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "गुडघे गेले. हे शेवटचं चित्र झालं तेव्हा दोघांनी मला धरून उठवलं. तिथून काय दिसतं, ते आता दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं."

मधला मार्ग गेला खड्ड्यात, असं स्वतःशीच म्हणत क्षितिजा तडक बाहेर गेली. गणपतीत वापरलेल्या मराठी मंडळाच्या सतरंज्या तिच्या गाडीच्या डिकीत तशाच पडून होत्या. त्या तिने आणल्या आणि एकेका चित्रासमोर अंथरल्या. साहेब लालबुंद झाले.

"चित्रं वर जाणार नाहीत," ती म्हणाली. "मला कामावरून काढायचं असेल तर उद्या काढा."

पाहुणे आले. हातात वाइनचे ग्लास घेऊन कमरेत वाकले, पाहिल्यासारखं केलं आणि पुढे सरकले. कुणीतरी हसलंसुद्धा. क्षितिजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती हटली नाही. गवताच्या चित्रासमोर मांडी घालून बसली ती बसलीच. बराच वेळ कुणी जवळ फिरकलं नाही.

मग साहेब आले. तिला उठवायलाच आले होते, पण चारचौघांत आवाज चढवायची सोय नव्हती. कानाशी बोलायला वाकले, पाठ कुरकुरली, तसे चडफडत शेजारीच टेकले. दोन खरमरीत वाक्यं बोलून झाली. तिसऱ्याला नजर समोर गेली आणि ते वाक्य अर्धंच राहिलं. तेवढ्यात पलीकडे एका बाईने बूट काढले.

हायाशिदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या चित्राकडे बघतच नव्हत्या, साहेबांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"रंगात अभ्रकाची पूड आहे," त्या म्हणाल्या. "गवतामागे उजेड दिसतो का?"

साहेबांनी मान जराशी उचलून पाहिली, पुन्हा खाली घेतली.

"दिसतो," ते म्हणाले. "उभ्याने दिसत नव्हता."

बाईंनी डोळे मिटून मान हलवली. मागे आणखी दोघं बूट हातात घेऊन अवघडून उभे होते. क्षितिजाने सरकून त्यांना जागा केली, आणि त्यांच्यासाठी ब्रांडलसाहेबही सरकले.