कच्ची पुटी

जगात भरून येणार नाही असा ओरखडा नाही. म्हाळू ओव्हाळचं हे जीवनाविषयीचं तत्त्व होतं, आणि दुकान टाकलं तेव्हा त्यानं ते पाटीवर रंगवून घेतलं. पेंटरनं सुरुवातीची अक्षरं हौसेनं मोठी काढली, त्यामुळे शेवटच्या 'नाही'ला पत्राच उरला नाही. पाटीवर राहिलं ते एवढंच : 'जगात भरून येणार नाही असा ओरखडा'. खाली बारीक अक्षरांत : 'मोटारसायकलची प्लास्टिक बॉडी रिपेअर करून मिळेल'. पेंटर म्हणाला, "दुसरा पत्रा आणा, पुढं जोडून देतो." म्हाळूनं आणला नाही. दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं चूक दाखवली नाही, त्यावरून पाटी कुणी वाचत नाही हे त्याच्या ध्यानात आलं.

दुकान शिरूरला, न्हावऱ्याच्या रस्त्याला. दहा बाय आठचं पत्र्याचं शेड. मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे दुकान, पलीकडे खाट, स्टो आणि चार भांडी, म्हणजे घर. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी बायकोचा, ताईबाईचा. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगी गौतमी नांदेडला दिलेली. ती दर रविवारी शेजारच्या एसटीडीवर फोन करायची आणि "जेवलात का?" एवढं विचारायची. म्हाळू "व्हय" म्हणायचा. दोघांनाही फोनच्या मीटरची धास्ती असल्यामुळे विषय तिथंच संपायचा.

त्याआधी एकोणीस वर्षं म्हाळू सणसवाडीच्या एका कंपनीत होता. मोटारसायकलची प्लास्टिकची पॅनेलं तिथं बनत, आणि म्हाळू तपासणीला. ट्यूबलाइटखाली पॅनेल तिरपं धरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि ओरखडा दिसला की त्याच्यावरून नख फिरवायचं. नखाला लागला तर रिजेक्ट, न लागला तर पास. एकोणीस वर्षांत त्यानं एकही खोटं पॅनेल पास केलं नाही. याबद्दल कंपनीनं त्याला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि पुढच्या वर्षी व्हीआरएस.

आयुष्यभर ओरखडे शोधले, आता ते बुजवून पोट भरू, असा साधा हिशोब त्यानं केला. हात चांगला होता. फुटलेलं पॅनेल आधी साबणानं धुवायचा. मग मागच्या बाजूनं सोल्डरिंगच्या गरम टोकानं चिरेत चर पाडायचा, त्यात जाळीचा बारीक तुकडा दाबायचा आणि जुन्या पॅनेलची पट्टी वितळवून वरून ओतायचा. पुढच्या बाजूला पॉलिश पेपर, रेघ बुजवायला पुटी, पुन्हा पेपर, प्रायमर, रंग. काम असं व्हायचं की मालकालाच विचारावं लागे, "कुठल्या बाजूला फुटलं होतं हो?"

धंद्यातली खोट हीच होती. प्लास्टिक गंजत नाही. एकदा नीट केलं की गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. किराणावाल्याकडे माणूस रोज येतो, न्हाव्याकडे महिन्याला येतो. म्हाळूकडे आयुष्यात एकदा यायचा आणि तोही वैतागून. आठवड्यातले चार दिवस तर कुणाशी बोलायचं म्हटलं तर रेडिओच होता, आणि तो ऐकून घेणाऱ्यातला नव्हता.

संपतआप्पा पहिल्यांदा आले ते शनिवारच्या बाजाराच्या दिवशी. साठीला आलेले, निमोण्याचे बागायतदार, सोसायटीचे माजी व्हाईस चेअरमन. पांढरा पायजमा, टोपी, आणि बुडाखाली लालभडक मोटारसायकल. तिच्या टाकीवर ज्वाळांचं स्टिकर. लांबून पाहणाऱ्याला आप्पा पेटल्यासारखे वाटत.

"मिस्त्री, ह्ये व्हईल का बघ," ते गाडीवरूनच म्हणाले. डाव्या बाजूचं पॅनेल चिरलं होतं, वर वीतभर ओरखडे.

"कशानं झालं, आप्पा?"

"शेळीनं पाडली."

"शेळीनं?"

"आता एका शेळीनं पडतीय व्हय? बाजारात लावली हुती. एकीनं दुसरीला ढुसणी दिली, दुसरी तिसरीवर गेली. तिसरी गाडीवर. सोसायटीच्या मीटिंगसारखं झालं."

"गाडी तुमची?"

"पोराची. इक्रमला सासऱ्यानं लग्नात दिली. पोरगं गेलं पुण्याला, तिथं त्येनं कार घेतली. बायको गेली नातू सांभाळाया. गाडी राहिली आन् मी राहिलो."

म्हाळू पॅनेल उघडायला बसला. दीड-दोन तासांचं काम. आप्पांनी शेडमध्ये नजर टाकली, भिंतीवरचे फोटो पाहिले, मग स्टूल पाहिलं आणि बसले. म्हाळूनं विचारलं, "च्या घेणार का? इथंच करतो मी."

आप्पा क्षणभर थांबले. अगदी क्षणभरच. मग म्हणाले, "कर. साखर हात राखून टाक, शुगर हाय मला."

तो क्षण म्हाळूनं सवयीप्रमाणे तिरपा धरून पाहिला. ओरखडा होता, पण नखाला लागेल इतका नव्हता. त्यानं पास केला.

त्या दोन तासांत आप्पा इतकं बोलले की पुटी वाळल्याचं म्हाळूच्या लक्षात आलं नाही. सोसायटीत चेअरमननं त्यांना कसं पाडलं, सून पुण्याहून फोन करून गॅस बंद केला की नाही हे कसं तीनदा विचारते, आठ महिने आपण नुसती बटाट्याची भाजी कशी खातोय. जाताना म्हणाले, "बरं वाटलं, मिस्त्री." काम बरं वाटलं की बसणं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतर दोन महिने आप्पा दर शनिवारी दुकानावरून जात. दोनदा हॉर्न वाजवत. थांबत नसत.

यात आप्पांचा दोष नव्हता. आपल्याकडे गडीमाणूस कामाशिवाय कुणाच्या दारात बसत नाही. बसला तर येणारा-जाणारा विचारतो, "काय काम काढलं?" आणि निमोण्याचा बागायतदार म्हाळू ओव्हाळच्या शेडमध्ये बसायचा म्हणजे कारण नुसतं असून भागत नाही, ते रस्त्यावरून दिसावं लागतं. उघडलेलं पॅनेल रस्त्यावरून चांगलं दिसतं. आणि म्हाळूनं तर पॅनेल असं केलं होतं की त्याला पुन्हा उघडायची गरज जन्मात पडणार नव्हती.

तिसऱ्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीनं कृपा केली. त्याच पॅनेलवर नवा ओरखडा, चांगला खोल. आप्पा उतरले, स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "साखर कमी."

त्या दिवशी म्हाळूनं पुटी भरली. ती पुरी वाळू द्यायला हवी, हे त्याला माहीत होतं. वरून कोरडी लागते, आतून कच्ची असते. कच्चीवर रंग मारला की त्या वेळी काम आरशासारखं दिसतं, आणि पंधरा दिवसांत पुटी आत बसते, रेघ वर येते. कंपनीत ह्या एका गोष्टीवरून त्यानं एका सुपरवायझरशी वर्षभर बोलणं सोडलं होतं. आता त्यानं पुटीला बोट लावलं. बोट किंचित चिकटलं. समोर आप्पा सांगत होते, "पिठलं करून बघितलं राव. गुठळ्या झाल्या. गोट्या खेळाव्यात अशा."

"पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, आप्पा. मग फोडणीत."

"असं व्हय? मी वरून भुरभुरलं."

"वरून न्हाई."

आणि म्हाळूनं कच्च्या पुटीवर रंग मारला. आयुष्यात पहिल्यांदा खोटं पॅनेल पास झालं. घड्याळाकडे त्यानं मुद्दाम पाहिलं नाही. ते तसंही दोन वर्षांपासून बंद होतं.

सोळाव्या दिवशी आप्पा हजर. "मिस्त्री, रेघ आली की रं."

म्हाळूनं पॅनेल ट्यूबखाली धरलं आणि आश्चर्य वाटल्याचा चेहरा केला. चेहरा करायची सवय गेल्यामुळे तो दात दुखल्यासारखा दिसला. "येती कवा कवा. हवामान हाय. परत करून देतो. पैसं न्हाई घेणार, चूक माजी हाय."

"आन् गुठळ्या न्हाई झाल्या बरं का," आप्पा स्टुलावर बसत म्हणाले.

मग हे चालूच झालं. पंधरा-सोळा दिवस झाले की रेघ येई आणि रेघेमागून आप्पा येत. दोन तास बसत. पिठलं झालं, मग आमटी झाली, मग भाकरी. भाकरीचं आप्पांना काही जमेना.

"काठ फाटत्यात."

"पाणी ऊन घेता का?"

"गार घेतो. तूच म्हणलास न्हवं, गार?"

"ते पिठल्याला, आप्पा. भाकरीला कढत."

"काय एक नियम न्हाई तुमच्यात," आप्पा म्हणाले.

त्या 'तुमच्यात'नं म्हाळूचा हात थांबला. पण आप्पा स्वयंपाकी लोकांविषयी बोलत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून वांगी आणली. चौथ्या खेपेला 'मिस्त्री तू'चं 'मिस्त्री तुम्ही' झालं. ते कधी झालं हे आप्पांना कळलं नाही. म्हाळूला तारीख पाठ होती. गौतमीनं रविवारी फोनवर विचारलं, "जेवलात का?" तर त्यानं "व्हय, वांग्याचं भरीत" असं उत्तर दिलं. मीटर पुढे सरकत असूनही तिनं विचारलं, "एवढं काय झालंय, आबा?"

पण तपासणीतला माणूस शेवटी तपासणीतलाच. कच्ची पुटी म्हाळूला रात्री टोचायची. आपण एका भल्या माणसाची गाडी मुद्दाम बिघडवतोय, आणि वर हवामानाचं नाव घेतोय. त्यानं ठरवलं, आता पाचव्या खेपेला काम पक्कं करायचं. पुटी पुरी वाळवायची. आणि आप्पांना सरळ सांगायचं, "काम नसलं तरी येत जा."

चार-पाच शब्दांचं वाक्य, पण त्यानं ते रोज तिरपं धरून पाहिलं. 'येत जा' हुकूम वाटत होता. 'याल का' म्हटलं तर मागणी वाटे. 'आलात तर बरं वाटंल' हे म्हणताना त्याचं त्यालाच लाजल्यासारखं व्हायचं. शेवटी पहिलंच ठेवलं. साखर, चहापत्ती आणली. स्टूल डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली नुसतीच सरकवलेली लाकडी चकती काढून नीट ठोकून बसवली.

सोळावा दिवस गेला. विसावा गेला. पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं, चुकून पुटी पक्की तर बसली नसेल? चोविसाव्या दिवशी रस्त्यावर एक फटफटी धडधडत आली आणि दारात थांबली. त्या आवाजाची गाडी म्हाळूनं दहा वर्षांत ऐकली नव्हती. वर आप्पा.

"बघा!" आप्पा गाडीवरूनच ओरडले, कारण गाडी चालू असेपर्यंत ओरडावंच लागत होतं. "इकली पोराची. ही घेतली. जुनी हाय, पन सगळी पत्र्याची. प्लास्टिक औषधाला न्हाई!"

म्हाळू पुसणं हातात घेऊन बाहेर आला. "का इकली, आप्पा?"

आप्पांनी गाडी बंद केली. उतरले मात्र नाहीत. "तुमची लाज वाटाया लागली, मिस्त्री. चार-चार डाव फुकट काम. माणूस चांगला हाय म्हून त्येला किती वापरायचा? परवा भाकर फुगली बघा टम्म, पहिल्यांदा. पन घास उतरंना. म्हणलं, म्हाळूमिस्त्रीच्या मागं ही रेघ लावली मी."

"मला कसला तरास..."

"असं तुमी म्हणणारच. तुमचा सोभाव हाय. मला कळतं की." आप्पा हसले. "घेणाऱ्याला रेघ दाखवली बरं का, फसवाफसवी नगं. कॉलेजचं पोरगं हुतं. म्हणलं, चालतंय आजोबा, वर स्टिकर मारतो."

म्हाळूनं गाडीभोवती एक चक्कर मारली. मडगार्ड पत्र्याचं, टाकी पत्र्याची, दोन्ही बाजूंची झाकणं पत्र्याची. नख फिरवावं असं काही नव्हतं. वाक्य तयार होतं.

"आप्पा."

"हां?"

"काम नसलं तरी..." रस्त्यानं दुधाचा टेम्पो गेला. आप्पा कान पुढं करून थांबले. "...तरी चाकातली हवा बघत जावा."

"बघतो की. आता सवड हायच." आप्पांनी किकवर पाय ठेवला. मग काहीतरी आठवून काढला. टाकीच्या उजव्या अंगाला वाटीएवढा पोचा होता, तो दाखवत म्हणाले, "ह्ये काढायचंय तेवढं. तुमी करता का पत्र्याचं?"

"न्हाई."

"मग कुठं हुतं?"

"स्टँडच्या मागं. डेंटिंगवाला हाय."

"चांगला हाय का?"

"चांगला हाय," म्हाळू म्हणाला. "एकदा केलं की परत जावं लागत न्हाई."

"मग आत्ताच जातो," आप्पा म्हणाले, आणि दोनदा हॉर्न वाजवून धडधडत स्टँडकडे गेले.

तो गुरुवार होता. गुरुवारी डेंटिंगवाला बंद असतो, आणि निमोण्याला परतायची वाट याच दारावरून आहे.