हीटर प्लगचं टोक

राजुरीच्या भिमाजीकडे दोन तालुक्यांतून तुटलेले हीटर प्लग यायचे. थंडीत डिझेल इंजिन चालू होण्याआधी सिलिंडर तापवणारी ही बोटाएवढी वस्तू. पण एकदा का ती काजळीनं आत धरली, की निघता निघत नाही. कुणी पान्याला जोर दिला की वरचं डोकं तुटून हातात येतं आणि बाकीचा प्लग आतच राहतो. मग बहुतेक गॅरेजवाले इंजिनाचं हेड उतरवायला सांगतात. भिमाजी हेड न उतरवता तो काढायचा. त्यासाठी लेथवर स्वतः घडवून घेतलेली हत्यारं त्याच्याकडे होती, आणि घाई मुळीच नव्हती. नारायणगावचे, आळेफाट्याचे मिस्त्री गाडी ओढत आणून त्याच्या दारात सोडायचे आणि म्हणायचे, "भाऊ, आता तूच बघ."

लोकांना वाटायचं, माणूस कामाचा नादी आहे. पण खरं सांगायचं तर अकरा वर्षं भिमाजी एका गाडीची वाट बघत होता. कधी तरी रामनाथच्या हातून प्लग तुटणार आणि तो काढायला त्याला आपल्याच दारात यावं लागणार, एवढ्या एका आशेवर त्यानं ही विद्या कमावली होती.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी रामनाथ आला.

पुढं त्याची स्वतःची जीप, मागं दोरानं बांधलेली पिकअप. रामनाथचं आता मंचरला मोठं गॅरेज होतं, हाताखाली चार माणसं होती. पोट सुटलं होतं. जीपमधून उतरून तो कपाळाचा घाम पुसत उभा राहिला.

"भिमा, वळख हाये का?"

"हाये."

"येडगावच्या ऋषीशेटची गाडी हाये. तीन नंबरचा प्लग आदीच कुणीतरी अर्दवट तोडून ठेवला व्हता. मी नुसता पाना लावला आन् डोकं हातात आलं."

भिमाजीनं बॉनेट उघडून बॅटरी मारली. मोडल्या जागी धातू चांदीसारखा लखलखत होता. जुनी मोड काळी पडते. ही कालची होती.

आदीच कुणीतरी. हे शब्द ऐकले आणि भिमाजीच्या कानशिलात रक्त उसळलं.

अकरा वर्षांपूर्वी दोघं घोडेगावात एकाच गॅरेजात कामाला होते. गॅरेज रामनाथच्या मामाचं होतं. भिमाजी अवसरी बुद्रुकहून सायकलवर यायचा आणि हात चांगला म्हणून मामाचा लाडका होता. डिंभ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणाऱ्या सोमाजीची एक जुनी जीप होती. तो माणसं वाहायचा. थंडीत जीप सुरू होईना म्हणून त्यानं ती गॅरेजात लावली. जीप दुरुस्त होऊन मिळाली आणि चार दिवसांनी, बायको अंबाबाईला कळा सुरू झाल्या म्हणून सोमाजी तिला त्याच जीपमध्ये घालून खाली निघाला आणि निम्म्या घाटात इंजिन बसलं. पिस्टन फुटला होता. प्लगचं तुटकं टोक आत पडलेलं होतं. दुसरं वाहन मिळायला अडीच तास गेले. अंबाबाई वाचली. पोरगी दगावली.

सोमाजी गॅरेजात आला तेव्हा मामानं विचारलं, "प्लगाला हात कुणी लावला व्हता?"

रामनाथ म्हणाला, "भिमानं."

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर सोमाजीनं भिमाजीला पायातल्या वहाणेनं मारलं. बाजारचा दिवस होता. भिमाजीनं हात वर केला नाही. त्यानंतर घोडेगावात, मंचरात त्याला कुणी कामावर घेतलं नाही, आणि शेवटी तो बायकोच्या माहेरी, राजुरीला येऊन राहिला. बायको वैजयंतीला त्यानं ही सगळी गोष्ट सांगितली होती. तिनं तेव्हापासून रामनाथचं नाव घरात घेतलं नव्हतं. 'तो मेला' एवढंच म्हणायची.

आणि आता तो मेला दारात उभा होता.

"हेड उतरवलं तर ऋषीशेट माझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार न्हाई," रामनाथ म्हणाला. "त्याच्या आठ गाड्या माझ्याकडं हायेत. तू काढतोस असं समदी म्हणत्यात."

"काढतो."

"काय घेशील?"

भिमाजीनं बॉनेट हळूच खाली घेतलं. "सोमाजी आन् अंबाबाईला घिऊन ये. हितं, या बाकड्यावर आणून बसव. ते आल्याबिगर मी प्लगची कांडी बाहेर काडायचो न्हाई."

रामनाथचा चेहरा उतरला. "आरं, अकरा वर्षं झाली त्याला."

"मला म्हाईत हाये किती झाली."

"त्यांना काय सांगू?"

"ते तुझं तू बघ. दुसरीकडं न्ह्यायची तर गाडी घिऊन जा. रस्ता मोकळा हाये."

रामनाथ रस्त्याकडे बघत राहिला. भिमाजीला त्याच्या मनातलं दिसत होतं. एकेका मिस्त्रीचं नाव तो आठवत होता आणि खोडत होता. शेवटी त्यानं पिकअपची चावी बाकड्यावर ठेवली आणि जीप घेऊन निघून गेला.

आत वैजयंती दारामागं उभी होती. "येईल का वो तो?" तिनं विचारलं.

"येतोय. दुसरं कुठं जाईल?"

त्या दिवशी भिमाजी भूक लागूनही नीट जेवला नाही. आनंदानंच घास उतरेना. मोडलेल्या जागेत त्यानं गंज सोडवणारं तेल भरलं, दर तासाला पुन्हा भरलं, आणि रात्रभर ते मुरू दिलं.

बुधवारी उजाडताच त्यानं इंजिन गरम पाण्याच्या फडक्यांनी शेकलं. मग ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासून हळूहळू प्लगचा आट्यांचा भाग पोखरून काढला. ग्रीस अशासाठी, की लोखंडाचा कीस आत न पडता ग्रीसला चिकटून वर यावा. थोडं फिरवायचं, ड्रिल बाहेर घ्यायचं, पुसायचं, पुन्हा ग्रीस. अकरा वाजता आटे निघाले. आता भोकात उरली फक्त खालची कांडी, पेन्सिलीहून बारीक, चहूबाजूंनी काजळीत रुतलेली. वरून एक ठोका बसला असता तर ती सरळ सिलिंडरमध्ये गेली असती.

तिथंच तो थांबला. हात धुतले. सदरा बदलला.

साडेअकराला जीप आली. सोमाजीचे केस पांढरे झाले होते. मागून अंबाबाई उतरली, काळीसावळी, सडपातळ, पदर खोचलेला. दोघं बाकड्यावर बसली. वैजयंतीनं पाणी आणलं. सोमाजीनं तांब्याला हात लावला नाही.

"बोल," तो भिमाजीला म्हणाला. "मापी मागायची म्हनून बोलावलंस ना? इतक्या लांबून आलोय. माग."

भिमाजीला आधी अर्थच लागेना. मग त्यानं रामनाथकडं पाहिलं. रामनाथ जीपच्या चाकाकडं बघत होता.

"ह्यानं तसं सांगितलं तुमाला?"

"मग? म्हनला, भिमाजीला आता लई पस्तावा झालाय."

भिमाजीनं हत्यारांच्या पेटीतून एक बारीक पोलादी पंच काढला, हातोडी काढली आणि पिकअपशी गेला. पंचाचं टोक त्यानं भोकातल्या कांडीवर टेकवलं आणि हातोडी उचलली.

"रामनाथ, हिकडं ये. हे बघ. एक ठोका, आन् टोक खाली. मग हेड उतरव, पिस्टन काड, ऋषीशेटला सांग आदीच कुणीतरी तोडला व्हता म्हनून. ह्या बारीला कुनाचं नाव सांगशील? हितं तर मीच हाये."

"भिमा, येड्यासारकं करू नको."

"त्यांना सांग."

खरोखर आपण ठोका मारू की नाही, हे भिमाजीला स्वतःलाही माहीत नव्हतं. हात मात्र अजिबात हलत नव्हता. इतका स्थिर हात त्याचा कधीच नव्हता.

"सांगतो," रामनाथ म्हणाला. "खाली घे ते."

"आदी सांग."

रामनाथ बाकड्याकडं वळला. "सोमाजीभाऊ, तुमच्या जीपचा प्लग माझ्या हातनं तुटला व्हता. मीच तोडला. टोक आत गेलं ते मला कळालं व्हतं. मामा बोलंल म्हनून नवा प्लग बसवला आन् गाडी देऊन टाकली. भिमानं हातबी लावला नव्हता."

सोमाजी उठून उभा राहिला. भिमाजी त्याच्याकडं पाहत होता. अकरा वर्षं त्यानं हाच चेहरा मनात रंगवला होता, आणि आता तो जसाच्या तसा समोर होता. त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

"पन त्याला ठाऊक व्हतं," रामनाथ म्हणाला.

भिमाजीनं मान वळवली.

"ह्याला समदं ठाऊक व्हतं. तुटका प्लग ट्रेमदी पडला व्हता. ह्यानं हातात घेतला, बघितला, आन् मला म्हनला, 'ह्याचं टोक कुटंय?' मी म्हनलं, 'गप बस, मामाला कळंल.' आन् हा गप बसला. जीप बाहेर पडली तवा दारात हाच उबा व्हता. एकट्यावरच समदं कशाला?"

वैजयंतीला सांगितलेल्या गोष्टीत हे कधीच नव्हतं. ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

अंबाबाई पहिल्यांदाच बोलली. आवाज चढवला नाही. "खरं हाये का हे?"

भिमाजीच्या मनात पटकन दोन-चार उत्तरं आली. मामा त्याचा होता, माझं कुणी ऐकलं नसतं, रोजगार गेला असता. सगळी खरी होती. अकरा वर्षं तीच तो स्वतःला सांगत आला होता.

"खरं हाये, ताई," तो म्हणाला. "बघितलं व्हतं मी."

"मंग ह्यांनी तुला बाजारात वहाणंनं मारलं, तवा का न्हाई बोललास?"

"तवा सांगितलं असतं तर हेबी सांगावं लागलं असतं."

अंबाबाई दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली. भिमाजीनं रामनाथला खाली बघायला लावलं होतं. आता तोही खालीच बघत होता.

"मला वाटलं व्हतं, एकच हाये," ती म्हणाली. "एकालाच शिव्या घालत आले इतकी वर्सं. रोज चूल पेटवताना घालायची. निम्म्या वाया गेल्या म्हनायच्या."

सोमाजीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला.

"ते काड आदी," तिनं पिकअपकडं बोट केलं. "ज्याची गाडी हाये त्यानं काय केलंय? ते काड. मंग दोगंबी वर गावात चला. ह्यांचा चुलता, माझी सासू, समदी अजून म्हनत्यात, सोमाजीनं जीप नीट ठेवली न्हाई, म्हनून पोरगी गेली. ह्यांनी त्याच सालात जीप इकली, आन् त्या दिसापास्नं स्टेरिंगला हात लावला न्हाई. चावडीपुडं उबं ऱ्हायचं आन् तोंडानं सांगायचं. दोगांनी."

"ताई, ऋषीशेटला गाडी—" रामनाथ सुरू झाला.

"तू बोलू नको. तुला इचारलं न्हाई मी."

भिमाजीनं पंच आणि हातोडी पेटीत ठेवली. कांडीच्या वरच्या तोंडाला त्यानं बारीक आटे पाडले, त्यात आपल्या हत्याराची सळई गुंतवली. सळईवर सरकणारं एक जड वजन होतं. ते वरच्या टोकाला आपटलं की खालची कांडी वर ओढली जायची. टक. टक. टक. पाऊण तास तो आपटत होता. मधेच थांबून तेल सोडत होता. बाकड्यावर तिघं बसली होती. वैजयंती घरात गेली होती, आणि आतून भांड्याचासुद्धा आवाज येत नव्हता.

शेवटी कांडी सुटली. भिमाजीनं ती पुसली. टोक शाबूत होतं. सवयीनं त्यानं कॅमेऱ्याची वायर आत सोडून पिस्टन पाहिला. स्वच्छ होता.

अंबाबाईनं हात पुढं केला. त्यानं कांडी तिच्या तळहातावर ठेवली. काळी, थोडी तेलकट, बोटाच्या दोन पेरांएवढी.

"एवडंसंच अस्तंय?"

"व्हय. त्यातलंबी नुसतं टोक व्हतं तुमच्या जीपमदी."

तिनं मूठ मिटली, पण कांडी परत दिली नाही.

चौघं रामनाथच्या जीपनं निघाली. पुढं रामनाथ आणि भिमाजी, मागं ती दोघं. डिंभ्याच्या पुढं रस्ता चढू लागला. एका वळणावर सोमाजी म्हणाला, "थांबव हितं." रामनाथनं थांबवली. सोमाजी उतरला नाही. नुसतं बघितलं आणि म्हणाला, "चल."

गावात पोचायला पाच वाजले. भात झोडायचं काम चाललं होतं, तरी सोमाजीच्या हाकेसरशी माणसं जमली. आधी रामनाथ बोलला, मग भिमाजी. रामनाथनं शब्द चावले तेव्हा अंबाबाईनं त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तेव्हा भिमाजीला पुन्हा एकदा, अगदी मनापासून, बरं वाटलं. मग त्याची पाळी आली. त्याला एकदाच सांगावं लागलं. सोमाजीची म्हातारी आई शेवटपर्यंत ऐकून मुलाकडं वळली आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपत राहिली. कुणी अंगावर आलं नाही. कुणी चहाचं विचारलं नाही, पाण्याचंही नाही.

परत उतरताना डिंभ्याच्या धरणाच्या भिंतीपाशी आल्यावर रामनाथ म्हणाला, "आज ना उद्या हे मंचरला कळंल. गॅरेजात कुणी येणार न्हाई माझ्या. झालं का तुजं समाधान?"

भिमाजीनं नीट विचार करून उत्तर दिलं.

"तुझ्यापुरतं झालं."

पुढं घरी जाऊन वैजयंतीशी बोलायचं होतं. त्यानं काच खाली केली आणि तोंडावर गार वारा घेत बसला.