व्हायोला मावशीकडे

माझी मावशी आणि तिचे तीन सोबती यांनी वाद्यं वाटून घेतली आहेत. वाजवायला नव्हे, ऐकायला.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक छोटं सभागृह आहे. तिथे दर महिन्याला चार वादक येऊन वाजवतात. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. एकाच घरातली भावंडं समजा. चेलो थोरला, व्हायोलिन धाकटी, व्हायोला मधला. आणि मधल्या भावंडाकडे घरात जेवढं लक्ष जातं, तेवढंच व्हायोलाकडे जातं. चौघे एकदम वाजवू लागले की कान आपोआप वरच्या व्हायोलिनमागे धावतो आणि बाकीचे नुसते सोबतीला बसल्यासारखे वाटतात.

मावशीला हे खटकलं. "चार माणसं घाम गाळतात आणि आपण एकाचंच ऐकून घरी जातो, हे काही बरोबर नाही," असं म्हणून तिने वाटणी केली. पहिलं व्हायोलिन तिच्या नणंदेने घेतलं. ("नणंदच ती. पहिली खिडकी, पहिला घास, पहिलं व्हायोलिन," असं मावशी तिच्या देखत सांगते.) दुसरं व्हायोलिन दातांच्या डॉक्टरांकडे गेलं, चेलो निवृत्त बसड्रायव्हरकाकांकडे. व्हायोला उरला म्हणून मावशीने घेतला, आणि मग तो तिचाच झाला. मध्यंतरात चौघे जिन्याजवळच्या बाकावर बसतात आणि आपापल्या वाद्याने काय केलं ते सांगतात. चौघांनी चार कोपरे धरून मोठी चादर उचलावी, तसं ते चाललेलं असतं. वाचनालयाचा शिपाई त्यांना चांडाळचौकडी म्हणतो. मंचावर ती चौकडी, बाकावर ही.

मागच्या मैफिलीच्या मध्यंतरात मावशी म्हणाली, "संथ भागात आज व्हायोला गप्पच होता."

मी तिथे नव्हते. पण पुढचं मला मावशीने आणि नणंदबाईंनी वेगवेगळं सांगितलं, आणि एरवी कधी होत नाही ते झालं, दोघींची हकिकत जुळली.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "गप्प? अहो ताई, माझ्या चेलोच्या जोडीनेच तर चालला होता. लांबच लांब सूर. मी म्हटलं, आज तुमची चंगळ आहे."

प्रत्येक जण आपलंच वाद्य ऐकतो, त्यामुळे दुसऱ्याची चूक पकडता येते ती फक्त सांध्यावर, दोन वाद्यं एकत्र चालतात तिथे. मावशी नेमकी सांध्यावर सापडली होती.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," नणंदबाई म्हणाल्या. "खालचे आवाज तुम्हाला अजून चांगले ऐकू येतात. तुम्ही चेलो घ्या. ड्रायव्हरसाहेब व्हायोला घेतील."

"मला काय, कुठलंही चालेल," ड्रायव्हरकाका म्हणाले, पण तोंड एवढंसं करून.

"पुढच्या मैफिलीपर्यंत व्हायोला माझ्याकडे," मावशी म्हणाली. "तेव्हाही ऐकू आला नाही तर मीच सोडेन. तोवर कोणी मागायचा नाही."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कामाच्या ठिकाणी हजर. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी नुकतीच एका श्रवणयंत्रांच्या केंद्रात लागले होते. मावशीचं आयुष्य छापखान्याच्या बांधणी खात्यात गेलं. कागद कापणाऱ्या यंत्रांनी तिच्या कानांतले वरचे आवाज खाल्ले. कानाचं मशीन तिने मी लागण्याआधीच, याच केंद्रातून घेतलं होतं.

तिने ते कानातून काढून टेबलावर ठेवलं. "हे चोर आहे."

"काय चोरतं?"

"सूर. सुरू होतो तो मला नीट ऐकू येतो. मग हे तो हळूच खिशात घालतं."

ते पुन्हा कानात घालायला लावून मी तिची नेहमीची तपासणी केली. तोंडापुढे पुठ्ठा धरून हळू आवाजात शब्द वाचले. पाट, वाट, खाट, काठ. तिने एकही चुकवला नाही. आमच्या मॅडम दारातून बघत होत्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मशीन उत्तम चाललंय. वय झालं की गाणंबजावणं थोडं सोडावं लागतं. समजाव त्यांना."

"मॅडमचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं," मावशी खुर्चीतूनच म्हणाली. "बोलण्याची काही तक्रारच नाही. आता सुराचं बघ."

मावशीचं खरं की मॅडमचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण तिची तक्रार फार नेमकी होती. कान अधू झाला की आवाज बारीक येतो किंवा येत नाही. आधी येतो आणि मग जातो, असं सहसा होत नाही. त्यामुळे मला मॅडमच्या सल्ल्यापेक्षा त्या चोराबद्दल जास्त उत्सुकता वाटली.

आमच्याकडे डब्याएवढी एक पेटी आहे. मशीन तिच्यात ठेवून झाकण लावायचं, आत आवाज सोडायचा, आणि मशीनमधून काय बाहेर पडतं त्याची रेघ पडद्यावर बघायची. मी व्हायोलाचा एक लांब सूर सोडला. रेघ झर्रकन वर गेली, क्षणभर थांबली, आणि सूर तसाच चालू असताना उतरायला लागली. मी पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

"सापडला," मी म्हणाले.

हे मशीन बोलणं ऐकायला बनवलेलं असतं. बोलणं कधी एका जागी राहत नाही, सारखं उड्या मारतं. जो आवाज एका जागी स्थिर राहतो तो पंख्याचा असतो, इंजिनाचा असतो, नाहीतर मशीनची स्वतःचीच शिट्टी. म्हणून स्थिर काही ऐकू आलं की ते दाबायचं, असं त्याला शिकवलेलं आहे. वादक जितका चांगला, तितका त्याचा सूर स्थिर, आणि तितका तो मशीनला पंखा वाटतो.

मावशी ऐकून घेत होती. "म्हणजे त्या बिचाऱ्याने जन्मभर हात घासून सूर सरळ धरायला शिकायचं, आणि ह्याने त्याला पंखा म्हणायचं?"

"हो."

"बंद कर ते."

बंद करणं सोपं होतं. एका बटणासरशी झालं. मशीन मावशीच्या कानात घातलं आणि ते किटलीसारखं किंचाळलं. कानात सोडलेला आवाज फटीतून बाहेर येतो, मशीन तो पुन्हा उचलतं, मोठा करून पुन्हा कानात सोडतं. गोल गोल फिरून त्याची शिट्टी होते. ती दाबणारी सोयही मी काढून टाकली होती. तिच्याशिवाय काम चालवायचं तर कानात घट्ट बसणारा साचा हवा, फट राहता कामा नये.

मॅडम म्हणाल्या, "संगीतासाठी एवढा खटाटोप? कामाच्या वेळेत नाही हं."

"जेवणाच्या सुट्टीत करते."

"मी डबा घेऊन येते," मावशी म्हणाली.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. मी तिच्या कानात मऊ गुलाबी लगदा भरायची, तो घट्ट होईपर्यंत ती एका हाताने पोळीचा तुकडा धरून बसायची, कारण चावायचं नाही असं मी बजावलेलं असायचं. पहिला साचा टोचला. दुसरा जबडा हलला की सैल व्हायचा. "मग मैफिलीत तोंड मिटून बसेन," मावशी म्हणाली. "ते तुला जमणार नाही," मी म्हणाले आणि तिसरा केला. तो बसला.

मशीनमध्ये मी दोन कप्पे केले. एक बोलण्याचा, जुना. दुसरा सुरांचा. कानामागचं बटण दाबलं की एकातून दुसऱ्यात. सुरांच्या कप्प्यात मला अगदी वरच्या आवाजांचा जोर कमी ठेवावा लागला, नाहीतर कितीही घट्ट साचा असला तरी शिट्टी व्हायची. मी तिला सूर ऐकवायची, ती डोळे मिटून बोट वर करायची, आणि सूर संपला की खाली. पहिल्या दिवशी बोट फार लवकर खाली येत होतं. मी सेटिंग बदलायची, ती पुन्हा बोट वर करायची. एका दुपारी सूर संपला तेव्हाच बोट खाली आलं. मावशी डबा उघडून जेवायला लागली.

"एक लक्षात ठेव," मी म्हणाले. "कानाजवळ काही आलं, हात, भिंत, दुसऱ्याचं डोकं, तर हे शिट्टी मारणारच."

"मग येऊ देणार नाही."

या मैफिलीला मीही गेले. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही कोणतं वाद्य घेणार?" मी म्हटलं, सगळी. "पाहुण्यांना चालतं," ते म्हणाले, जरा कीव केल्यासारखं. मावशी माझ्या आणि नणंदबाईंच्या मधे बसली, पाठ खुर्चीला न टेकता, मान खांबासारखी. दिवे मंद होताच तिने बटण दाबून सुरांचा कप्पा लावला.

पहिला भाग जलद होता. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग संथ भाग आला. चेलोने खालचा सूर धरला, आणि त्याच्यावर व्हायोलाने आपला सूर ठेवला. मी मावशीकडे बघितलं. तिच्या मांडीवरचं बोट वर गेलं होतं. सूर चालू होता, बोट वरच होतं.

तेवढ्यात नणंदबाईंना राहवलं नाही. त्या मावशीच्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "वहिनी, व्हायोला वाजतोय बरं का!"

मशीन किंचाळलं.

बारीक, उंच, सुईसारखी शिट्टी. पुढच्या रांगेतली डोकी वळली. मंचावर पहिल्या व्हायोलिनवाल्या बाईंची भुवई वर गेली. मावशीचं बोट कानामागच्या बटणावर गेलं. तिथे दाबलं की शिट्टी जाणार, हे तिला माहीत होतं. व्हायोलाही जाणार, हेही. बोट बटणावर तसंच राहिलं. मागून कोणीतरी "श्श" केलं.

मग तिने बोट काढलं, पंजा नणंदबाईंच्या गालावर ठेवला, आणि अडकलेलं कपाट सरकवावं तसं त्यांचं डोकं शांतपणे, पूर्ण ताकदीने पलीकडे सरकवलं. शिट्टी थांबली. व्हायोलाचा सूर अजून चालूच होता. नणंदबाई भाग संपेपर्यंत तशाच कलून बसल्या.

मध्यंतरात बाकावर कोणी चहाला हात लावला नाही.

"मी शेवटी सांगते," नणंदबाई म्हणाल्या. "आधी वहिनी."

"परीक्षा आहे म्हणून?" मावशीने विचारलं.

"हो, परीक्षा आहे म्हणून. आणि गाल दुखतोय म्हणून."

मावशीने मशीन बोलण्याच्या कप्प्यावर आणलं. "संथ भागात चेलोने सूर धरला. व्हायोलाने त्याच्यावर आपला ठेवला. मग चेलो एक पायरी खाली उतरला, हा उतरला नाही. दोन्ही व्हायोलिनं हलली, हा हलला नाही. सूर तोच, जागा तीच. पण खालचा बदलला आणि इतका वेळ गोड वाटत होता तोच सूर एकदम बोचायला लागला. त्याने काहीच केलं नव्हतं. नुसता राहिला होता."

"उतरलो, बरोबर तिथेच उतरलो," ड्रायव्हरकाका म्हणाले. चेलोबद्दल ते असंच बोलतात.

"अच्छा! म्हणजे माझं दुसरं व्हायोलिन तिथे ठेचकाळलं ते त्याच्यावर!" डॉक्टर म्हणाले.

"थांबा, पुरतं ऐका," मावशी म्हणाली. "शेवटाकडे तो हळू आवाजात वर चढला. तिथले काही सूर मला आले नाहीत. गज हलताना दिसला, आवाज नाही. ऐकले असं मी म्हणणार नाही." तिने तिघांकडे एकेक करून बघितलं. "आता बोला. चेलो घेऊ का मी?"

ड्रायव्हरकाकांनी चहाचा पेला उचलला, खाली ठेवला. "चेलो मी देणार नाही. आणि न आलेल्या सुरांचं म्हणाल तर, ताई, जलद भागात मला डुलकी लागली होती. मागच्या महिन्यातही लागली होती."

"मी अधूनमधून दुसरं सोडून पहिल्या व्हायोलिनकडे जातो," डॉक्टर खाली बघत म्हणाले.

"तरीच मला तिथे गर्दी वाटते!" नणंदबाई म्हणाल्या. मग मावशीकडे वळून, पण अंतर राखून, "व्हायोला तुमच्याकडेच राहू दे, वहिनी. निदान काय ऐकू आलं नाही ते तरी तुम्हाला माहीत असतं."

घंटा झाली. मावशी उठली. "वन्सं, आता तुम्ही डॉक्टरांच्या पलीकडे बसा." मग माझा दंड धरून तिने मला मागे ठेवलं. "ते वरचे सूर. त्यांचं काय करता येईल?"

"मावशी, तिथलं तुझ्या कानातलंच गेलंय. मशीन कितीही..."

"गेलंय ते कळलं. सगळे नको. थोडे?"

मी विचार केला. साचा आणखी खोल घेतला तर जोर थोडा वाढवता आला असता. खात्री नव्हती. "थोडे, कदाचित."

"मग सोमवारी डबा घेऊन येते," ती म्हणाली, आणि दारातल्या गर्दीत कोणी कानाजवळ येऊ नये म्हणून दोन्ही कोपरं बाहेर काढून आत गेली.