न गिळलेला घोट

आमच्या सान रोमुआल्दो गावात शपथेवर असलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. लग्नात तो सरबताचा पेला दोन्ही हातांनी धरून कोपऱ्यात उभा असतो आणि कुणी बाटली पुढे केली की लाजल्यासारखा म्हणतो, "मी शपथेवर आहे." मग कुणी आग्रह करत नाही. बायकोला, आईला, डॉक्टरला न जुमानणारे गडीही चर्चमधल्या ग्वादालूपेच्या मातेला वचकून असतात. हर्मेलिंदाने तिच्यासमोर गुडघे टेकून वर्षभराची शपथ घेतली तेव्हा गावाला हायसं वाटलं, आणि लगेच घोरही लागला. गावात घायपाताची दारू, मेस्कल, गाळणारे हात पुष्कळ होते, पण मोती बघणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे हर्मेलिंदा.

मोती म्हणजे बुडबुडे. भट्टीची धार पडायला लागली की वेळूची नळी त्यात बुडवायची, तोंडाने ओढून भरायची आणि भोपळ्याच्या वाटीत उंचावरून सोडायची. बुडबुडे लगेच फुटले तर दारू फिकी. एकमेकांना चिकटून कडेला रेंगाळले तर जमली. आता नळी ओढायची म्हणजे तोंडात थोडी येणारच. हर्मेलिंदाने पाद्रे क्रिसोफोरोंना तेवढंच आधी विचारून घेतलं होतं.

"तोंडात आली तर येऊ दे," पाद्रे म्हणाले होते. "पोटापाण्याचा धंदा आहे तुझा. घशाखाली उतरली तर मात्र मातेशी गाठ आहे."

अशा सवलतीत आमच्या गावाला काही वावगं वाटत नाही. कुणी मुलीच्या लग्नापुरती सूट मागून ठेवतो, कुणी बारशापुरती. पाद्रे तरी काय करणार, गावच्या जत्रेची दारू त्यांनाही चांगलीच हवी असते. तर हर्मेलिंदा ओढायची, सोडायची आणि उरलेलं मातीत थुंकायची. शपथ शाबूत, जत्रा शाबूत, सगळे खूश.

एकटी हर्मेलिंदा घाबरलेली होती. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

शपथ घ्यायचं कारण होती नेरेइदा, तिची नात. मुलगा फिदेन्सिओ शहरात बस चालवायचा. सून सरहद्दीपलीकडे कामाला म्हणून गेली ती गेलीच. पोर आजीच्या गळ्यात पडली, आणि आजी बाटलीच्या गळ्यात पडलेली. घायपाताचे कांदे, म्हणजे बुंध्याचे गड्डे, भाजायचा मोठा खड्डा भट्टीच्या मागेच होता. एकदा दगड तापत असताना हर्मेलिंदा दुपारीच पिऊन झोपली आणि पोरीचा पाय खड्ड्याच्या कडेच्या निखाऱ्यावर पडला. टाच भाजली. फिदेन्सिओने आईला शिव्या दिल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "पुन्हा एक थेंब प्यायलीस की पोर घेऊन जाईन. तुला तिचं तोंड दाखवणार नाही." फिदेन्सिओ बोलतो ते करतो, हे जिने त्याला वाढवलं तिला ठाऊक होतं.

सुरुवातीचे दिवस घाम, कापरं आणि ओकाऱ्यांत गेले. ते निभावलं. पुढचं मात्र तिला निभावेना. तोंडाची चव गेली म्हणावं तर तसंही नव्हतं. घेवडा घेवड्यासारखा लागायचा, चॉकलेट चॉकलेटसारखं. पण खाल्ल्याचं सुख म्हणून काही लागायचं नाही. नेरेइदा टर्कीच्या डोक्यावर आजोबांची जुनी टोपी ठेवायची आणि स्वतःच हसून लोळायची. हर्मेलिंदाही हसायची, पण ते हसू ओठांवरचं. आत काही हलायचं नाही. माझं या पोरीवर प्रेमच नाही की काय, असं तिच्या मनात यायला लागलं. शेजारच्या मावशीने, आत्मा कुठेतरी दचकून मागे राहिलाय, म्हणून अंगावरून अंडंही उतरवून दिलं. अंडं वाया गेलं.

आणि भट्टीवर मात्र नळी हातात घेतली, की ती घोट तोंडात यायच्या आधीच जिवंत व्हायची. वाटीत मोती उठताना दिसले की छातीत, काळोख्या घरात कुणी एकदम सगळे दिवे लावावेत, तसं व्हायचं. तिला या आनंदाचीच भीती वाटायला लागली होती.

शेवटी ती दवाखान्यात गेली. डॉक्टर आर्सेलिया तरुण होती, शहरातून आलेली, पण माणसाशी माणसासारखी बोलायची.

"तुमचं प्रेम कुठे गेलेलं नाही, बाई," ती म्हणाली. "मेंदूत एक रसायन असतं, डोपामिन नावाचं. 'हे चांगलंय, याच्याकडे लक्ष दे, हे पुन्हा कर' असा निरोप ते पोचवतं. नात हसली की थोडं सुटतं. दारू प्यायली की लोंढा येतो. वर्षानुवर्षं लोंढे आले की मेंदू आपली दारं लावून घेतो, निरोप ऐकणारी दारं. मग नातीचा एवढासा निरोप आतपर्यंत पोचतच नाही."

"पण मी आता पीत नाही."

"दारं उघडतील. सावकाश. महिने लागतात, कुणाला वर्षाच्या वर."

"आणि भट्टीवर होतं ते? तिथे कशी काय उघडतात?"

डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्ही अजून भट्टीवर जाता?"

"जाते. गिळत नाही. पाद्रेंनी सूट दिलीय."

"सूट तुम्हाला दिली. मेंदूला कोण सांगणार? तो इतक्या वर्षांत शिकून बसलाय, नळी दिसली, बुडबुडे दिसले, की पाठोपाठ दारू येणार. म्हणून तो आधीच उसळतो. त्या वेळी दुसरं काही दिसत नाही माणसाला. तुम्ही गिळा नाहीतर थुंका, त्याला तो उसळायचा रस्ता तुम्ही रोज झाडूनपुसून देताय. भट्टी सोडा."

"जत्रा तोंडावर आलीय. मोती कोण बघणार?"

"बाई, मी तुमच्याबद्दल बोलतेय, जत्रेबद्दल नाही."

हर्मेलिंदाने मान डोलावली आणि घरी आली. एवढी एक जत्रा काढू, मग नळी कुणाच्या तरी हातात देऊ, असं तिने मनाशी ठरवलं. शपथेवरचा माणूस असाच फसतो. शपथ मोडली नाही ना, मग सगळं ठीक, असं त्याला वाटत राहतं.

जत्रेआधीच्या एका सकाळी भट्टीवर ती आणि नेरेइदा दोघीच होत्या. गडी कांदे आणायला डोंगरावर गेले होते. मागे खड्ड्यात दगड लाल व्हायला आले होते. तिने पोरीला दारात चटईवर बसवलं, बाहुली दिली, "इथून हलायचं नाही" म्हणून दोनदा बजावलं.

मग पहिल्या धारेची पडायला लागली आणि तिने नळी भरली. वाटीत सोडली. मोती उठले, टिकले, कडेला गोल धरून बसले. असे मोती वर्षात एखाद्या वेळीच बसतात. छातीतले सगळे दिवे लागले. तिने पुन्हा नळी ओढली, या वेळी गरजेपेक्षा जास्त, गाल फुगेपर्यंत.

तोंड भरलेलं असताना तिची नजर मागच्या बाजूला गेली. नेरेइदा खड्ड्याच्या कडेला उभी होती. कोंबडीच्या पिल्लामागे गेली असणार. पायाखालची भुसभुशीत माती एकेक ढेकूळ आत पडत होती.

ओरडायला हवं होतं. ओरडायचं तर तोंडातलं थुंकायला हवं होतं. आणि तोंड उघडेना.

क्षणभरच. पण तो क्षण हर्मेलिंदाने आतून पाहिला. पोर दिसत होती, खड्डा दिसत होता, काय होणार तेही दिसत होतं, आणि तरीही तिचे ओठ एकमेकांवर घट्ट दाबलेले होते. तोंडातलं सांडायची त्यांची तयारी नव्हती. मग ती थुंकली, किंचाळली, धावली आणि पोरीचा दंड धरून तिने तिला मागे खेचलं.

"किती हाका मारल्या तुला!" नेरेइदा रुसून म्हणाली. "पिल्लू पडेल म्हणून. तू बघितलंस माझ्याकडे आणि परत तिकडे तोंड केलंस."

हर्मेलिंदाला ते बघणं आठवत नव्हतं. पोरीला पोटाशी धरून ती जमिनीवरच बसली आणि तिथूनच तिने मुलाला फोन लावला.

फिदेन्सिओ दुपारी आला. पोरीचे हातपाय आधी तपासले, मग आईजवळ आला आणि थबकला. तिच्या तोंडाला वास येत होता.

"प्यायलीस?"

"नाही. गिळली नाही." तिने सगळं सांगितलं. डॉक्टरचं बोलणं, दारं, निरोप, आणि ओठ न उघडल्याचा तो क्षण.

फिदेन्सिओचे खांदे सैल झाले. चक्क हसला तो. "बघ, घाबरवलंस ना! अगं, गिळली नाहीस ना? मग संपलं. थुंकलीस, धावलीस, पोर धडधाकट आहे."

"उशिरा थुंकले रे."

"सगळे दचकतात, आई. त्या डॉक्टरीणबाईंना सांग, मेंदूबिंदू शहरात ठेवा. मातेची शपथ पाळलीस, यापेक्षा मोठं काय असतं?" मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि मी नेऊ कुठे तिला? पहाटे गाडीवर जातो, रात्री येतो. खोलीला कडी लावून ठेवू पोरीला? तुझ्यासारखं कोण बघणार तिच्याकडे?"

नेरेइदा आजीच्या घागऱ्याला लोंबकळत होती. फिदेन्सिओने गाडीची किल्ली खिशातून काढून बोटात फिरवली. तो निघणार होता. पोरीला इथे ठेवून, समाधानाने निघणार होता.

त्याला खरं सांगून झालं होतं आणि खऱ्याचा काही उपयोग झाला नव्हता. हर्मेलिंदाला मातेची भीती वाटली, मुलाची वाटली, येणाऱ्या सगळ्या दुपारींची वाटली. पण त्या सगळ्यांहून जास्त भीती तिला स्वतःच्या ओठांची वाटत होती.

"फिदेन्सिओ," ती म्हणाली. "खोटं बोलले मी. गिळली. नळीवर नळी गिळली. गेला महिनाभर गिळतेय."

किल्ली फिरायची थांबली.

"मातेची शपथ घेऊन सांग."

"मातेची शपथ."

तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या लहानपणी ती पिऊन पडवीत कोसळलेली असायची तेव्हा असाच बघायचा. मग त्याने नेरेइदाची बोटं घागऱ्यातून एकेक करून सोडवली. पोर रडायला लागली, "आजी, तू पण चल," म्हणायला लागली. हर्मेलिंदाने हात मागे बांधून घेतले.

"माझी बाहुली!" गाडीतून पोर ओरडली. फिदेन्सिओने काच वर केली.

गाडी वळणाआड गेल्यावर हर्मेलिंदाला वाटलं, आता रडू येईल. ते आलं नाही. भीती तेवढी होती, पुरेपूर. मागे भट्टीची धार एकटीच पडत होती, तिचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. गडी परतायला अवकाश होता. ती रस्त्याच्या मधोमध बसली, दोन्ही तळहात तोंडावर दाबून, कुणीतरी येताना दिसेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून.