टेस्टरचे जळालेले छिद्र

मी एक जुना, स्वस्तातला टेस्टर आहे. 'स्वस्तातला' हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितले तरी माझ्याकडे बघून कोणी ना कोणी ते म्हणतेच. मला धड अंगरखासुद्धा नाही. हिरवी पट्टी, तिच्यावर एक छोटा पडदा, एक बटण, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक, दोन, तीन असे क्रमांक असलेली तीन छिद्रे, एवढाच माझा संसार. छिद्रांशेजारी एक दांडी आहे. दांडी वर असताना एखाद्या सुट्या भागाचे पाय छिद्रांत घालायचे, दांडी खाली करायची आणि बटण दाबायचे. तो भाग कोण आहे, धडधाकट आहे की आजारी, हे मी पडद्यावर सांगतो. मित्रांनो, माझ्या तीनपैकी एक छिद्र जळालेले आहे. ते कसे जळाले, तीच माझी गोष्ट.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्यासारखे शेकडो भाऊ तिथे रांगेत पडलेले होते. एका बाईने मला एकदाच तपासले, पडदा उजळलेला पाहिला आणि फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकले. तिने मला दुसऱ्यांदा पाहिलेसुद्धा नाही. मला त्याचे जरा वाईट वाटले.

मग मी मावशीकडे आलो. मावशी म्हणजे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे काम करून निवृत्त झालेली बाई. घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली तिचे टेबल आहे. कथील वितळवून डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची, इस्त्री, चिमटे, भिंगाचा दिवा, आणि मोडक्या यंत्रांतून काढलेल्या सुट्या भागांनी भरलेला बिस्किटांचा डबा. त्या डब्यातला एकेक भाग ती माझ्याकडे आणायची. मी सांगायचो, ती कागदाच्या चिटोऱ्यावर लिहायची. चांगले एका वाटीत, मेलेले कचऱ्यात. "बघ, एवढासा आहे पण खोटं बोलत नाही," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. तेव्हा माझा पडदा नेहमीपेक्षा जास्त उजळतो की काय, असे मला वाटायचे.

पण माझे एक मोठे भय होते, आणि ते म्हणजे कपॅसिटर. कपॅसिटर हा वीज साठवणारा छोटासा डबा. यंत्राची वायर काढली तरी त्याच्या पोटात वीज उरते. तसा भरलेला कपॅसिटर माझ्या छिद्रात आला, तर सगळी वीज माझ्या अंगावर येते आणि मी संपतो. म्हणून मावशीची एक सवय होती. कपॅसिटर कितीही छोटा असो, ती एका जुन्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या पायांना लावायची. वीज असली तर बल्ब क्षणभर लुकलुकायचा आणि विझायचा. कॉलेजात हाच प्रयोग दाखवून दाखवून तिने इतक्या मुलांना दटावले होते, की मुले तिला 'ठिणगीबाई' म्हणायची.

एके दिवशी दुपारी तिची भाची धावतपळत आली. हातात जुन्या रजईत गुंडाळलेली मोठी पेटी. भाची बदके पाळायची. गेल्या महिन्यात भटक्या कुत्र्यांनी कुंपण फोडून तिची सगळी बदके मारली होती. त्याआधी गोळा केलेली तेवीस अंडी मात्र उबवण्याच्या यंत्रात होती, आणि पिल्ले बाहेर यायला दोनच दिवस उरले होते. ते यंत्र, म्हणजेच ही पेटी, सकाळी बंद पडले होते.

"मावशी, काहीतरी कर. ही गेली तर माझं सगळंच गेलं गं."

"रडू नकोस. पेटी इथे ठेव. कंपनीवाल्यांना फोन केलास?"

"केला. नवीन सुटा भाग चार दिवसांनी येईल म्हणतात."

पेटीच्या काचेत तापमापी होता. सदतीस हवे, चौतीस होते. भाचीने गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या होत्या, पण एका कोपऱ्यात चटका आणि दुसऱ्यात गारठा. मावशीने वायर एकदा लावून पाहिली, काही हलेना; मग ती काढली, झाकण उघडले आणि वीजपुरवठ्याची छोटी पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, बाहेर घेतली.

तिला लगेच संशय आला. अशा पाटीवर यंत्राला सुरुवातीचा धक्का देणारा एक छोटा कपॅसिटर असतो, तोच बहुतेक आतून वाळून निकामी होतो. एरवी मावशीने तो उपटून माझ्या छिद्रांत घातला असता. पण तापमापी तेहतिसावर आला होता. तिने बल्ब लावला, तो लुकलुकला नाही, आणि तिने माझ्या छिद्रांतून दोन वायरी जोडून कपॅसिटर पाटीवर असतानाच मला तपासायला लावला.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडलो असतो, पण बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि दाबल्यावर जे लागते तेवढेच सांगता येते. त्या वाळलेल्या कपॅसिटरला दुसरा एक निरोगी कपॅसिटर शेजारी जोडलेला होता. मला त्या शेजाऱ्याचेच माप लागले. मी दाखवले, 'ठीक'.

"हा चांगला आहे," मावशी म्हणाली, आणि मला घाम फुटायचाच बाकी राहिला.

मग तिने एकेक भाग पाहिला. डायोड ठीक, फ्यूज ठीक. पेटीत एकतीस. भाची एक अंडे कानाशी धरून ऐकत होती. "आतून टकटक येत होती सकाळी, आता येत नाहीये," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून चिडली. "मावशी, हे खेळणं फेक आधी! सगळं ठीक ठीकच सांगतंय. सगळं ठीक असतं तर यंत्र बंद का पडलं असतं?"

सगळे खापर माझ्यावर. मला फार लागले ते.

"मोठा कपॅसिटर राहिला," मावशी पुटपुटली. तिने डाग वितळवून तो उपटला. अंगठ्याएवढा जाड, घरच्या विजेला सरळ जोडलेला. आता नीट ऐका. चालत्या यंत्रातला असा कपॅसिटर वायर काढल्यावर आपोआप रिकामा होत जातो. पण यंत्र सुरूच होत नसेल तर त्याची वीज वापरणारे कोणी नसते. तो तसाच भरलेला बसून राहतो. मावशीला हे माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तीस वर्षे तिने हेच शिकवले होते.

बल्ब तिच्या डाव्या हाताशी होता. तिने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. तिचे डोळे तापमापीवर होते. कपॅसिटरचे पाय माझ्या एक आणि तीन नंबरच्या छिद्रांत शिरले. दांडी अजून वर होती. माझा जीव टांगणीला लागला. मावशीचे बोट दांडीवर आले.

"मावशी, बल्ब लावायचा राहिला ना?" भाची म्हणाली. लहानपणी तिने तो खेळ शंभरदा पाहिला होता.

पण दांडी खाली गेली होती. फट् असा आवाज झाला. एक निळी ठिणगी, जळका वास, आणि माझा पडदा काळा.

मावशी खुर्चीवर बसली. "मी मारला त्याला," ती हळूच म्हणाली. "साऱ्या जगाला शिकवलं आणि मीच विसरले."

तिने सवयीने बटण दाबले. आणि मी, कसा कोण जाणे, उजळलो. एक नंबरचे छिद्र बधिर झाले होते, पण दोन आणि तीन शाबूत होती. मावशीने वाटीतला एक चांगला कपॅसिटर बल्ब लावून घेतला आणि त्या दोन छिद्रांत घातला. मी अचूक माप सांगितले.

ती पडद्याकडे पाहतच राहिली. "हा अजून खरं बोलतोय. म्हणजे मघाशीही खरंच बोलला असणार. मीच त्याला धड विचारलं नाही. पाटीवर ठेवून विचारलं!"

पेटीत एकोणतीस. या वेळी मावशीने घाई केली नाही. तिने छोटा कपॅसिटर उपटला, बल्ब लावला, मग दोन आणि तीनमध्ये घातला. त्याचे माप सत्तेचाळीस असायला हवे होते. मी नऊ सांगितले. विजेला होणारा आतला अडथळाही भलताच वाढलेला.

"सापडला! वाळून पार कोरडा झालाय," मावशी ओरडली.

बिस्किटांच्या डब्यातून तिने तसाच एक शोधला. मी म्हणालो, मेलेला. दुसरा शोधला. मी म्हणालो, चांगला. भाची आता माझ्या पडद्याकडे असे पाहत होती, जसे मघाशी अंड्यांकडे पाहत होती. डाग दिला, मोठा कपॅसिटरही बल्ब लावून तपासला, तो ठीक निघाला, तोही परत बसवला, वायर जोडली. पेटीतला पंखा घरघरला आणि फिरला. तापमापी बराच वेळ अठ्ठाविसावर अडून बसला. मग एकोणतीस झाला, तीस झाला. भाचीने मावशीच्या खांद्यावर डोके ठेवले आणि मघापासून अडवून धरलेले रडू मोकळे केले.

अंडी वाचली का, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. दोन दिवस गेले. तिसऱ्याही दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी भाची खोक्यात काहीतरी घेऊन आली आणि ते माझ्या टेबलावर सोडले. तेविसांपैकी चार अंडी गेली होती. उरलेल्या एकोणिसांतून निघालेले हे एक पिल्लू. पिवळे, ओलसर, चालताना धडपडणारे. त्याने माझ्या पडद्यावर चोच मारली.

"हे बघ," भाची मला म्हणाली, "मी तुला खेळणं म्हणाले होते ना, ते विसर."

विसरलो, मित्रांनो. आता माझे दोन शब्द ऐका. घरच्या विजेचे यंत्र मोठ्या माणसाशिवाय कधी उघडू नका. कपॅसिटर आधी रिकामा करा, मग आमच्याकडे आणा. आणि एखादे उत्तर चुकीचे वाटले, तर आपण विचारले कसे होते ते आधी आठवा, मग आम्हाला फेका.

मावशीने नंतर नवा टेस्टर घेतला नाही. तिने माझ्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवून लिहिले : 'छिद्र १ जळाले. चूक माझी.' आता हातात कपॅसिटर आला की ती मला उलटे करते, ती पट्टी वाचते आणि मग बल्ब उचलते. बल्ब विझेपर्यंत मी घाबरलेला असतो. मग ती दांडी खाली करते आणि बटण दाबते, आणि मी बोलू लागतो.