रविवार दुपारचा चौकोन

टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने पडदा पूर्ण पांढरा करून दाखवला आणि आमच्या घरातला सगळा कारभार भिंतीवर उभा राहिला. सात रकाने, तीन ओळी, एकवीस चौकोन. वीस चौकोनांत ‘चिमी’, एकात ‘दादा’. चिमी म्हणजे मी. बावन्न वर्षांची चिमी.

“छाप बसलीय,” तो म्हणाला. “जे चित्र हलत नाही ते पडद्यात मुरतं. किती दिवस लावून ठेवलं होतं?”

“तीन वर्षं. दिवसभर.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्या टीव्हीवर कपडे धुतले होते. मग त्याने चार तास नुसते रंग बदलणारं काहीतरी लावून ठेवलं. अक्षरं जराशी फिकी झाली, गेली नाहीत. पडदा बदलायचा तर नवा टीव्ही घेतलेला बरा, म्हणाला. वॉरंटी दीड महिन्यापूर्वी संपली होती. आईही त्याच आठवड्यात गेली. दोघींनी मुहूर्त एकच धरला.

टीव्ही दादाने पाठवलेला. दादा माझा थोरला भाऊ, राहतो तीन तासांवर, आणि कचेरीत पंचवीस माणसं हाताखाली असल्यामुळे घरातही त्याला हाताखाली माणूस लागतं. आई अंथरुणाला खिळली, तिला आठवेनासं झालं, आणि ती दर दहा मिनिटांनी विचारायची, आता गोळी कोण देणार? दादाने तोडगा काढला. कोणत्या वेळी कोणाची पाळी याचा तक्ता केला, हा भलाथोरला टीव्ही तिच्या पलंगासमोर लावला आणि फर्मान सोडलं की तक्ता बंद करायचा नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंटही उंची हवा.

रविवार दुपार त्याने स्वतःकडे ठेवली. पहिले चार रविवार आला. नंतर कामं निघाली. मी एकदा तो चौकोन बदलून तिथे माझं नाव घातलं, तर आईने तोंड मिटून घेतलं. “दादाची पाळी आहे. तू नको.” रात्रीपर्यंत गोळी घेतली नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. मी मुकाट्याने ‘दादा’ परत लिहिला. त्यानंतर दर रविवारी ती जेवून डुलकी काढायची, ती अर्धवट झोपेत असतानाच मी तिला गोळी द्यायची आणि जागी झाली की सांगायची, “दादा येऊन गेला. त्यानेच दिली. तू झोपली होतीस.”

ती इतकी हसायची की मला तिचा हेवा वाटायचा आणि स्वतःची कीव यायची. वीस चौकोन मी राबायची, आणि ती हसायची एकविसाव्यासाठी.

ती गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून एका संध्याकाळी मी बातम्या लावल्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावर माझं नाव, हनुवटीखाली दादाचं. तेव्हा कळलं काय झालंय ते, आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दादा आणि मामा आले. विषय घराचा होता. दादाला ते विकून निम्मं निम्मं करायचं होतं. माझं शिवणयंत्र पुढच्या खोलीत, माझी गिऱ्हाइकं या गल्लीतली. मला फक्त जिवंत असेपर्यंत इथे राहायचं होतं. मामा आईचा पाठचा भाऊ. तो म्हणेल ते दोघांनी मानायचं, असं ठरलं होतं.

“मामा,” मी म्हणाले, “तीन वर्षं मी एकटीने केलं. मला एवढं तरी मिळू दे.”

“एकटीने?” दादा म्हणाला. “मीही माझ्या परीने केलंच की.” आणि टीव्ही लावला, बहुधा उगाच, हाताला चाळा म्हणून. पडदा उजळला. जवळ जाऊन त्याने चष्मा वर केला. आधी मला वाटलं, आता हा टीव्ही खराब केल्याबद्दल बोलणार. तो म्हणाला, “हे बघ, मामा. रविवार.”

मामाने उठून पडद्यापाशी जाऊन ते नाव वाचलं.

“तो यायचा नाही, मामा,” मी म्हणाले. “नुसतं नाव होतं. आईसाठी ठेवलं होतं.”

“असं कसं? ताई मला दर सोमवारी फोन करायची. बाकी सगळं विसरायची, पण दादा आला होता, स्वतःच्या हाताने गोळी देऊन गेला, हे न चुकता सांगायची. तीन वर्षांत एक सोमवार चुकला नाही.”

“तिला तसं मी सांगायची. ती झोपलेली असायची.”

“म्हणजे तू खोटं सांगायचीस.”

“हो.”

“दर रविवारी.”

“हो, मामा.”

“मग आजचं खरं कशावरून धरू?”

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ना, तसं. पण तेही मामाला कसं सांगणार? मी दादाकडे वळले. “तू सांग. तू यायचास का?”

त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं, मला दिसत होतं. एकच क्षण. मग त्याने पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “यायचो की गं. जमेल तसं.” त्याचा आवाज भरून आला. तो नाटक करत नव्हता, हे सगळ्यात वाईट. आई दर सोमवारी त्याचं कौतुक सांगायची, हे त्याला मामाकडून आत्ताच कळलं होतं आणि त्याला ते हवं होतं.

मामाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. “पोरी, थकलीस तू,” मला म्हणाला. “पण गेलेल्या आईला खोटं पाडू नकोस. दोघांनी केलंत, दोघांनी वाटून घ्या.”

मी चहा टाकायला आत गेले. दादाचा राग यायला हवा होता. पण त्याची मला सवय आहे. राग आईचा आला. मी सांगितलेलं तिने इतकं खरं मानलं, एकदाही डोळे उघडून बघितलं नाही, म्हणून.